सकाळची भेट मिळणेबाबत

प्रति,
मा. विवाह समुपदेशक,
कौटुंबिक न्यायालय, पुणे.

विषय : कन्या वैष्णवी (वय ६) हिची शनिवारी दुपारी चारची भेट महिन्यातून एकदा सकाळी सातला मिळणेबाबत.
संदर्भ : दि. ८ नोव्हेंबर रोजी आपल्याशी झालेले बोलणे.

महोदया,

रोज सकाळी साडेसहाला माझ्या कसबा पेठेतल्या खोलीत टायमर ‘टक्’ करतो आणि टेबलावरचा मोठा पांढरा दिवा लागतो. खोलीत तेवढाच आवाज. त्या उजेडासमोर मी अर्धा तास बसते. हा डॉक्टरांनी सांगितलेला उपचार आहे, हे प्रथम नमूद करते.

१. मला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे. मन भरकन पेटते, तसेच विझते. त्यात झोप उलटी झाली होती. पहाटे डोळा लागायचा, तो दुपारी उघडायचा. डॉक्टर म्हणाले, “दिव्याने आजार जाणार नाही. पण झोप जागेवर आली, तर बाकीच्या उपचाराला बळ मिळेल.” चौदा आठवडे झाले. झोप जागेवर आली आहे.

२. मागील वर्षी जूनमध्ये माझे पती अभिनव रात्रपाळीला असताना वैष्णवीने मला हाका मारल्या. मी उठले नाही. तिने स्वतःच गणवेश चढवला, तोही उलटा, आणि एकटीच जिना उतरून व्हॅनसाठी उभी राहिली. व्हॅन चुकली. नऊ वाजता इस्त्रीवाल्यांनी तिला घरी आणून सोडले, तेव्हाही मी झोपलेलीच होते. हे खरे आहे. तेव्हापासून ती हडपसरला तिच्या वडिलांकडे व आजीकडे आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

३. पतीचे म्हणणे, “ती अजून तशीच झोपते.” मी सकाळी उठते, हे दुपारी चारच्या भेटीत कसे सिद्ध करावे? चारला तर मी पूर्वीही जागी असे. एकटी राहत असल्याने साक्षीदार एकच, घरोघरचा कचरा नेणाऱ्या मालनबाई. दाखला मागितल्यावर म्हणाल्या, “जन्माचा ऐकला, मृत्यूचा ऐकला. उठण्याचा दाखला पहिल्यांदाच बघते!” तरीही सही दिली. मजकूर त्यांचाच : “पूर्वी हिची बेल दाबून माझं बोट दुखायचं. आता ही बादली घेऊन माझ्याआधी दारात. वर चहा विचारते.”

४. माझ्या घरी भेट शक्य नसल्यास मी दिवा घेऊन आपल्या कार्यालयात येईन. एक प्लग मिळाला तरी पुरे. सातला कार्यालय उघडत नसल्यास फाटकापाशी बसेन. तेही नियमात नसल्यास तिची व्हॅन येते तिथे रस्त्याच्या पलीकडे उभी राहीन. बोलणार नाही, हात हलवणार नाही. तिच्या सकाळींमध्ये आई कायम पांघरुणात आहे. तिने मला एकदा जागी पाहावे, एवढेच.

मी आजवर तिची वेणी घातलेली नाही. शाळेच्या वेण्या सकाळी घालतात.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून,
सौ. रुपाली अभिनव खळदकर
पुणे, दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
डॉक्टरांचे पत्र
झोपेच्या नोंदवहीची प्रत
मालनबाईंचा दाखला

ता. क. : परवाच्या भेटीत वैष्णवीला हे सगळे सांगितले. तिने नीट ऐकून घेतले. मग तिने जे विचारले, ते जसेच्या तसे आपल्यापुढे ठेवते : “आई, मी गेले म्हणून तू उठायला लागलीस का?”