धूर दिसू दे

१९ जाने., सोम.
पोराचा, बाळूचा फोन, फौजेतनं. दोन मिनिटं बी न्हाई. सीमेवरल्या एका खेड्यात हायेत, नाव सांगता येत न्हाई म्हणला. "आबा, इथली माणसं गाव सोडंनात. बाया बी आमच्यासंगं मातीची पोती भरायल्यात. एक म्हातारी रोज चहा आणती. तुमच्यासारख्याच शिव्या देती."
मी म्हणलं, स्वेटर घाल. ठेवल्यावर लय आठवलं बोलायचं.

२१, बुध.
पारावर पोरं मोबाइलवर लढाई बघत बसतेत. फटाके उडवले. "आबा, ठोकायलाय तुमचा बाळू!" लेकाहो, तुमच्यातलं एक तरी जा की तिकडं.

२२, गुरु.
सकाळच्या बातम्या. त्याच भागातल्या एका खेड्यावर रातभर हल्ला. रणगाडे घातले म्हणं. गाव पडलं न्हाई. जवान किती गेले ते सांगंनात. फोन लागंना.
पारावर गेलो तर एकानं मोबाइल उलटा ठेवला.
चूल पेटवली न्हाई. एकट्यासाठी कशाला. तसाच पडलो.

२३, शुक्र.
सरू आली. भावकीतली सून, भिंतीला भिंत. पिठलं-भाकरी झाकून आणली. "आबा, कालधरनं धूर दिसंना तुमच्या घरचा, म्हणून..."
डोकंच फिरलं. पिठलं-भाकरी कुठल्या घरी नेतेत, ठाव न्हाई का हिला? बाळूची माय गेली तवा हेच ताट आलतं, हिच्याच सासूच्या हातचं.
"उचल ते! पोरगं जित्तं हाय माझं! पेटंल माझी चूल!"
रडत गेली. तिच्या मनात तसलं काही नसंल. पण ताट तर तेच ना.

२४, शनि.
पहाटपासून चूल. मुद्दाम कापसाच्या ओल्या पऱ्हाट्या घातल्या. दिसू दे गावाला धूर. डोळे चुरचुरायलेत. दोन भाकरी केल्या, एक बाळूच्या नावाची. दोन्ही करपल्या.
कुणी आलं न्हाई. तिकडं ते गाव लढायलंय, इकडं मी पऱ्हाट्या जाळायलोय. हसू आलं. मग रडलो, मोठ्यानं. कोण ऐकायलंय?

२५, रवि.
फोन न्हाई.
सांजच्याला सरू दारात. हातात शेणाची गवरी. "आबा, विस्तव द्या."
तिच्या घरी गॅस हाय, मला ठाव हाय. तिला बी ठाव हाय की सुतकाच्या घरातला विस्तव कुणी नेत न्हाई. गवरीवर दोन निखारे ठेवले. "उद्या बी लागंल," म्हणली. विस्तव पदराआड धरून नेला.
बाकीचे निखारे राखेत झाकून ठेवलेत. फोन उशाला.