दोन्ही पंख डावे

१४ जुलै, रविवार

किट आला. मुद्दाम ऑफिसच्या पत्त्यावर मागवला नाही. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये लोकांना दुसऱ्याच्या पार्सलात फार रस. रिमोट कंट्रोलचं विमान, ट्रेनर मॉडेल. खोक्यात पापडासारख्या पातळ लाकडी पट्ट्या, तारा, एक मोटर, एक रिमोट. वर लिहिलंय, नवशिक्याला एक वीकेंड पुरेसा.

मोहिनी आमच्या अंकिताकडे पुण्याला गेली ती महिनाभरासाठी. पोरीची नवी नोकरी, नवी खोली, मेसचं जेवण सोसत नाही. महिना होऊन गेला. वाढवला असेल तर माझी हरकत नाही. जाताना म्हणाली होती, "तुम्ही एकटे काय करान?" तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता आहे.

ठराव: पोळ्याच्या आत विमान हवेत. मोहिनी आली की बॅग ठेवायच्या आधी मैदानावर न्यायचं.

२१ जुलै, रविवार

मॅन्युअल बाजूला ठेवलं. मी आयटीआय केलेला माणूस आहे. ट्रेड वेल्डरचा, पण तत्त्व तेच.

डावा पंख पूर्ण. फारच सुबक.

मोहिनीचा फोन. पंख झाला म्हणून सांगितलं. "बरं," म्हणाली. मग विचारलं, जेवले का. तिला इंटरेस्ट यायला लागलाय.

२८ जुलै, रविवार

दुसराही पंख पूर्ण. पहिल्यापेक्षा सुबक. दोन्ही दिवाणावर शेजारी ठेवले. काहीतरी विचित्र दिसतंय. दमलो असेन.

२९ जुलै, सोमवार

दोन्ही पंख डावे आहेत.

चूक नकाशाची. एकाच बाजूचा नकाशा देतात आणि उजव्यासाठी तो उलटा धरा म्हणून आतल्या पानावर बारीक अक्षरात सांगतात. शेजारचे प्रभाकरराव चहाला आले. रिटायर्ड ग्रामसेवक, सगळ्यावर मत असतं. दोन्ही पंख हातात घेऊन म्हणाले, "भाऊ, हे तं गोल गोलच फिरन." मी म्हटलं, एक स्पेअर आहे.

स्पेअर असणं केव्हाही चांगलं. उजव्यासाठी लाकूड मागवलं.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टीचा सदुपयोग. उजवा पंख परवाच झाला. आज बॉडी जोडली. इन्स्टंट ग्लू हे अफाट प्रकरण आहे. बॉडी डायनिंग टेबलाला चिकटली. खाली प्लास्टिक अंथरायचं असतं.

संध्याकाळचं जेवण दिवाणावर.

१८ ऑगस्ट, रविवार

हॅक्सॉ ब्लेडने विमान सोडवलं. सोबत सनमायका आला. आता विमानाच्या पोटावर गुलाबाची फुलं आहेत. मजबुती वाढली. टेबल मोहिनीच्या पसंतीचं होतं, पण मधोमध भोक नाही, नुसता खड्डा आहे. फुलदाणी ठेवली की झालं. फुलदाणी घ्यायची आहे.

२ सप्टेंबर, सोमवार

पोळा. विमान हवेत नाही. कारण: हवामान. शेतांत सोयाबीन उभं, उडवणार कुठे. नवा ठराव: गणपतीतल्या महालक्ष्म्या.

११ सप्टेंबर, बुधवार

मोहिनी महालक्ष्म्यांनाही आली नाही. अंकिताला सुट्टी नाही म्हणे. सुट्टी अंकिताला नाही, मोहिनीला काय झालं, हे विचारायचं राहून गेलं. फोनवर मी सर्व्होबद्दल बोलत होतो. सर्व्हो म्हणजे पंखाची पट्टी हलवणारी बारकी मोटर. एकदा सुरू झालं की विषय लांबतो.

यंदा महालक्ष्म्या धाकट्या भावाकडे हिंगणघाटला बसवल्या. जेवायला गेलो. सगळे मोहिनीचं विचारत होते. ताप आहे म्हणून सांगितलं. धुरपताकाकू पंगतीतून म्हणाल्या, "जूनपासून ताप हाय का रे तिले?" मी म्हटलं, व्हायरल आहे.

पुरणाचा डबा बांधून दिला. एका माणसासाठी बराच होता.

६ ऑक्टोबर, रविवार

पहिलं उड्डाण. तारीख नोंदवून ठेवतो.

स्थळ सालोडकडचं तानबाचं शेत. तानबाशी ओळख त्याच्या वडिलांच्या कागदांच्या निमित्ताने, आमच्या रेकॉर्डच्या खिडकीवर. सोयाबीन निघून रान मोकळं झालंय. तानबा विमानाभोवती फिरला. पोटावरचे गुलाब पाहिले. म्हणाला, "फवारणी करते काय साहेब हे?" नाही म्हटलं. "मंग काय करते?" उडतं म्हटलं. त्याने मान हलवली आणि शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसला.

विमान सुंदर उचललं गेलं. मी उजवीकडे वळवलं, ते डावीकडे गेलं. मी आणखी उजवीकडे, ते आणखी डावीकडे, आणि मग सरळ कडेच्या तुरीत. तानबा म्हणाला, "उतरलं वाटते."

घरी येऊन तपासलं. रिमोटवरचा एक स्विच उलटा होता. म्हणजे माझ्या कौशल्याचा काही संबंध नव्हता.

डावा पंख मोडला. स्पेअर आहेच. प्रभाकररावांना मुद्दाम जाऊन सांगितलं.

२७ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीलाही जमत नाही म्हणते. मोहिनी म्हणाली, "तुम्हीच या न इकडे. पोरगी तिकीट काढून देऊन राह्यली." मी समजावून सांगितलं की लिथियम बॅटरी बंद घरात सोडून जाणं रिस्की असतं. मला वाटलं लाइन कटली. मग "बरं" म्हणाली.

त्यांच्या बिल्डिंगमध्ये पाळणाघर आहे. तिथे दुपारी जाते म्हणे, मदतीला. चांगलं आहे. टाइमपास पाहिजेच माणसाला.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन केलं. लक्ष्मीपुढे रिमोट ठेवला. प्रभाकररावांकडून चिवडा आला, त्यांच्या सूनबाईने विचारलं, काका, आमच्याकडेच येता का जेवायला. म्हटलं, काम आहे. तसं खास नव्हतं.

समोरच्या पोरांची रॉकेटं सरळ वर जातात. कुठलाही कंट्रोल नसताना.

२४ नोव्हेंबर, रविवार

प्रगती जबरदस्त. टेकऑफ शंभर टक्के, वळणं ऐंशी टक्के. लँडिंग बाकी आहे. तानबा आता शेतात असला तरी येत नाही, लांबूनच हात करतो. त्याला सवय झाली असं समजतो.

आज विमान वर असताना मागे वळून "पाह्यलं का" म्हणालो. मागे कोणीच नव्हतं.

११ डिसेंबर, बुधवार

मोहिनी येतेय. शुक्रवारी सकाळी, रविवारी परत. स्वेटरं आणि शिलाई मशीन न्यायला. मशीन कशाला, ते विचारलं नाही. आल्यावर बोलूच.

प्लॅन: शनिवारी तानबाच्या शेतात उड्डाण. विमान डोक्यावरून जाईल, ती बघेल, तेवढ्यात सांगायचं, "आता इथंच राह्य." एवढं एकच वाक्य. दाढी करताना म्हणून पाहिलं. बरोबर येतं.

टेबलावर फुलदाणी ठेवली. फुलं प्लास्टिकची, पण दुरून कळत नाहीत.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आली. बारीक झालीये, पण तब्येत चांगली दिसते. फुलदाणी उचलली, खड्डा पाहिला, फुलदाणी परत ठेवली. दुपारभर घर झाडलं. संध्याकाळी पातोडीची भाजी. मी दोनदा वाढून घेतली. ती समोर बसून पाहत होती. म्हणाली, "रोज काय खाता?" मी म्हटलं, सगळंच.

१४ डिसेंबर, शनिवार

उडलं. आजवरचं सगळ्यात उत्तम. दोन मोठे गोल, एकदा तर बरोबर तिच्या डोक्यावरून. ती डोळ्यांवर हात धरून बघत होती. वाक्य म्हणणार होतो, पण हात रिमोटवर असताना बोललं की लक्ष जातं. उतरल्यावर म्हणू म्हटलं.

लँडिंग बाकीच होतं. बॅटरी संपत आली आणि विमान शेजारच्या कपाशीत कुठेतरी गेलं.

आम्ही दोघं शोधायला निघालो. कापूस फुटलेला, कमरेएवढी झाडं. एका ओळीत मी, बाजूच्या ओळीत ती. किती दिवसांनी असं सोबत चाललो. तिने माझ्या स्वेटरला चिकटलेला कापूस काढला. मग चालता चालता म्हणाली, "पाळणाघरवाली बाई म्हणून राह्यली, कायमच्या या म्हणून. पगारबी देते. अंकिताचंबी तेच म्हणणं आहे. मले तिथं बरं वाटते. तुमचं काय म्हणणं आहे?"

मी म्हटलं, "आधी विमान तं सापडू दे."

ती थांबली. मग पुढे गेली. विमान तिलाच सापडलं. शेपटीला धरून वर केलं, वरचा कापूस झटकला. "काई मोडलं नाई," म्हणाली. मला इतका आनंद झाला की वाटेत सगळं विमानाचंच बोलणं झालं. तिचा विषय घरी आल्यावर काढणार होतो. प्रभाकरराव येऊन बसले होते.

१५ डिसेंबर, रविवार

सेवाग्राम स्टेशन. मशीन मीच डब्यात चढवलं, सीटखाली बसेना, मग दाराजवळ लावलं. अंकितासाठी गोरसपाक बिस्किटांचा डबा दिला. खिडकीपाशी उभा राहिलो. वाक्य तयार होतं. मोहिनी म्हणाली, "काई म्हणून राह्यले होते का?"

मी म्हटलं, मशीनवर लक्ष ठेव, अकोल्याला गर्दी चढते.

"बरं," म्हणाली.

१६ डिसेंबर, सोमवार

ऑफिसला जाऊन आलो. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून फोन लावला. आज सांगायचंच असं ठरवलं होतं. अंकिताने उचलला, तिचं आज घरूनच काम. म्हणाली, "आई पाळणाघरात गेली, बाबा. फोन घरीच विसरली. काही निरोप आहे का?"

नाही म्हटलं, सहजच केला होता.