भुऱ्याला न्यायचं राहिलं

रवि., ८ फेब्रु.
माहेराहून, सांगोल्याकडून आलो. पियूनं कुत्र्याचं पिल्लू वाटभर मांडीवरून उतरू दिलं नाही. नाव भुऱ्या. त्याची बहीण आबांकडंच, मेंढरांमागं फिरायला. निघताना आबा म्हणाले, "दूध-भाकर घाल, दुसरं काय लागत न्हाय."

मंगळ., १० फेब्रु.
शेजारच्या नरसम्मा मावशी: "दवाखान्यात दाखवलंस का गं पिल्लाला?" मी हसले. म्हटलं, मेंढक्याची लेक हाय मी, मावशी, जनावरं मला शिकवताय व्हय?


सोम., १६ फेब्रु.
पियूचं रोजचं टुमणं, डॉक्टरकडं कधी? सांगितलं, पावसाआधी. आमच्यात तसंच. सरकारी डॉक्टर मेंढवाड्यावर येतात, अख्ख्या कळपाला एकदम टोचतात. एकटं जनावर उचलून कोण नेतं? आणि हे एवढंसं, सुई सोसायची नाही. जरा थोराड होऊ दे.

शनि., २१ फेब्रु.
नव्या चादरीच्या दशा कुरतडल्या मेल्यानं! संध्याकाळी गल्लीत सोडला. तिथल्या कुत्र्यांत लई रमला.

गुरु., २६ फेब्रु.
दुधाला तोंड लावत नाही. दोनदा ओकला. ऊन लागलं असेल. ताक पाजलं.

शुक्र., २७ फेब्रु.
रक्ताची हगवण. ऑफिसात अर्धी रजा टाकली, रिक्षानं दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी लसीचं कार्ड मागितलं. कसलं कार्ड?
"आणला कधी?"
"तीन आठवडे होतील."
"आणल्यावर दोन-चार दिवसांत दाखवायचं हो. जंताचं औषध, सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस. लसी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावर सोडायचंच नाही."
पार्व्हो म्हणे, कुत्र्यांचा साथीचा रोग. सलाईन लावलंय. मी एकूण एक उलटं केलं. पियूला काय सांगू, मी

रवि., १ मार्च
गेला. सकाळी, सलाईन चालू असतानाच.
पियू रडली नाही. एवढंच, "मी रोज विचारत होते ना, आई."
नरसम्मा मावशी आल्या, पियूला जवळ घेऊन बसल्या. एका शब्दानं बोलल्या नाहीत. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गुरु., ५ मार्च
आबांना फोन केला. भुऱ्याच्या बहिणीला आजच्या आज दवाखान्यात न्या म्हटलं. हसले. "येतील की डॉक्टर, मेंढरांसंगं टोचून घिऊ. जनावरं मला शिकवतीस व्हय?"
माझंच वाक्य. ओरडले आबांवर, जन्मात पहिल्यांदा. त्यांनी फोन ठेवला.
पियूला म्हटलं, रविवारी जाऊन मीच नेते तिला.
पियूनं वहीतून मान वर केली. "रविवारी का?"
सांगोल्याची एसटी पाचला आहे. आता साडेचार. मिळाली तर.