पाचशे अक्षरं

प्रिय नमू,

भिसेगावात सगळे बरे आहेत. यंदाचे वाल निघाले. आईने तुझा वाटा बाजूला काढलाय. नमी कधी येतेय, असं ती रोज विचारते.

खालापूरच्या महिला केंद्रासाठी तक्रारीचं ऑनलाइन पान मी बनवलं, हे तुला ठाऊक आहे. बाईने मोबाइलवर लिहिलेला मजकूर सांकेतिक अक्षरांत कुलूपबंद होऊन साठतो. मलाही तो वाचता येत नाही. पण कुलूप लावलं की मजकूर फुगतो, आणि साठवायची जागा मोजकी असते. जागेत न मावून त्याचं शेपूट कापलं गेलं, तर अख्खी तक्रार पुन्हा कधीच उघडत नाही. आत किती अक्षरं आहेत ते डेटाबेसला दिसत नाही, म्हणून लांबी कुलूप लावण्याआधीच तपासावी लागते. मी तपासणी लिहिली: पाचशे अक्षरं. जागा वाढवता आली असती, पण काम वेळखाऊ होतं. मी आकडा घातला, खाली लाल रंगात 'कृपया थोडक्यात लिहा' असं लिहिलं आणि जेवायला उठलो.

मग गेल्या महिन्यात तुझा फोन आला. "दादा, तुजं ते पान लय हट्टी हाय रं. शेजारणीचं लिवत होते. मारल्याचं ठेवलं, तर उपाशी ठेवल्याचं बसंना. शेवटी उपाशीचं काढलं." तू हसलीस. मीही हसलो. वर म्हणालो, "मुद्द्याचं लिहावं गं. तुम्हा बायकांना पाल्हाळ लागतं." "हां, मुद्द्याचंच ठेवलं," म्हणालीस आणि आईच्या गुडघ्याचं विचारलंस.

दुसऱ्याच दिवशी बसून मी जागा वाढवली. आता कुणालाही सविस्तर लिहिता येतं. केंद्रातल्या बाईंनी आभार मानले. मी ते घेतले.

नमू, तुला शेजारीण नाही. शेलूतल्या तुमच्या मजल्यावर बाकीच्या घरांत कुणी राहायला आलेलंच नाही. गणपतीत मीच ते पाहिलं होतं. तुझी काळीनिळी मनगटंही पाहिली होती. फोनवर हसताना मला हे सगळं ठाऊक होतं. मी पान दुरुस्त केलं, तुला विचारलं नाही. तुला फोन करायचं धाडस अजून होत नाही, आणि तुझा फोन आणखी कोण बघतं तेही माहीत नाही, म्हणून हे पत्र. तुझी वहिनी स्वतः येऊन ते तुझ्या हातात देईल. तिच्यासमोर वाच, तिलाच परत दे. रविवारी सकाळी गावातल्या साईनाथचा टेंपो घेऊन तुला न्यायला येतोय. सामान किती न्यायचं ते तू ठरव. काहीच न्यायचं नसलं, तरी मी वर येईन आणि तुला एकटीला विचारेन.

तुझाच,
किरणदादा