तुझ्या हळदीचे धवले

प्रिय कृतिका,

अक्षर चौथ्या मजल्यावरच्या हेमांगीबाईंचं आहे, बोलणं माझं. त्या शाळेत शिकवायच्या, म्हणून माझी बोली जाता जाता सरळ करतात. करू देत. तक्रार करायला मला कुठे वाचता येतंय.

तुझा फोन आला की धनेशमामा सांगतो, आजी देवळात गेलीय. इतक्या वेळा खरंच गेले असते तर देवच कंटाळून बाळकुम सोडून गेला असता. मी घरातच असते गं. गॅलरीतून स्वयंपाकघरात, तिथून परत गॅलरीत. बूड म्हणून टेकत नाही. डॉक्टरीणबाईंनी दम्याचा पंप बदलला, तेव्हापासून हे सुरू झालं. जुना निळा पंप धाप लागली की ओढायचे. हा नवा रोज दोन वेळा, धाप असो नसो. ओढला की छातीत धडधड, आणि हात असे थरथरतात की कप बशीत वाजतो. शेजारीण म्हणाली, वय झालं. मी म्हटलं, वय वीस वर्षांपूर्वीच झालं, तेव्हा कप वाजत नव्हता.

धाप मात्र कमी झाली, खोटं नाही बोलणार. पण आवाज गेला. आधी घोगरा झाला, मग फाटला. तुझ्या हळदीला गायचे धवले भांडी घासताना घोकत होते, तर मधेच तोंडातून नुसती हवा. पन्नास वर्षं गावातल्या लग्नांत मी धवले गायले, तुझ्या आईच्या हळदीलाही मीच. लिहिता येत नाही म्हणून सगळं घशातच ठेवलेलं.

मग मी गाढवपणा केला. पंप डाळीच्या डब्यात लपवला आणि कुणाला सांगितलं नाही. सहाव्या दिवशी भाजी घेताना श्वास आतच जाईना. मेथीची जुडी हातात धरून फुटपाथवर बसले. धनेशने रिक्षात घालून नेलं. डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारून पाहिलं, तर घशात पांढरी बुरशी. पंप ओढल्यावर गुळण्या करून थुंकता ना, असं विचारलं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तिने. पण औषध घ्यायचं आणि लगेच थुंकायचं, हे मला पटेचना. आमच्याकडे औषधाचा चमचासुद्धा चाटून घ्यायचे. मी चूळ भरून गिळत होते. ती हसली नाही, म्हणून जास्त लाज वाटली. म्हणाली, "आवाज येईल आजी, पण तारीख मागू नका. आणि पंप परत बंद केलात तर गाणं राहू द्या, लग्नालाच नसाल."

आता पंप ओढला की गुळण्या करते, थुंकते, बुरशीचं औषध लावते. आज सकाळी धवल्याच्या दोन ओळी निघाल्या, तिसरीला खोकला. हळद बारा दिवसांवर आलीय.

फोनवर माझा घसा ऐकला असतास तर तू लग्न पुढे ढकललं असतंस. तुला ओळखते मी. म्हणून हे पत्र. तारीख हलवायची नाही. तू आणि तुझी बहीण शालू कोलशेतला रखमाबाईकडे जा, नारळ देऊन तिला धवले गायला बोलवा. हो, तीच, जिच्या गाण्याला मी तीस वर्षं नावं ठेवली. गाते बरी. धवल्यात आपल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यावी लागतात, ती तिला ठाऊक नाहीत. मी तिच्या मागे बसेन आणि एकेक नाव तिच्या कानात सांगेन. तेवढा आवाज आहे मला.

तुझीच,
बाळकुमची आजी