पाळी, पाट आणि तुमचा पाय

आदरणीय बेंजामिन मामा,

सोनईच्या घरातल्या लहानथोरांना, शेजाऱ्यांना आणि वेळ मिळाल्यास गोठ्यातल्या गायीलाही भाची ग्रेसचा सलाम. प्रभूच्या कृपेने मी ठणठणीत आहे. तुम्ही नाही, हे मला ठाऊक आहे, तरी रीत म्हणून विचारते, प्रकृती कशी आहे? (उत्तर देऊ नका. बारा वर्षांच्या मधुमेहातही तुम्ही "उत्तम" इतक्या ठसक्यात म्हणता की रक्तातली साखरसुद्धा बिचकत असेल.) नॅन्सी मामी सांगतात, डाव्या तळव्याला तीन आठवड्यांपासून जखम आहे आणि तुम्ही भर उन्हाळ्यात घरातही मोजा घालून हिंडता. पंधरा दिवसांपूर्वी मी पाय बघायला मागितला, तेव्हा तुम्ही भरल्या पंगतीत सांगितलंत की भाचीने मामाच्या पायाला हात लावायचा नसतो. वर म्हणालात, "आधी निकाल दाखव, मग पाय दाखवतो." म्हणून हे लेखी उत्तर. तोंडी सांगायला बसले तर तुम्ही पहिल्याच वाक्यात व्याकरणाची चूक काढता आणि मुख्य विषय राहून जातो.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणाला बसले, तेव्हा शिंगं मोडून वासरांत शिरली असं तुम्हीच म्हणाला होतात. खरंच होतं ते. माझ्या वर्गातली ज्योती माझ्या थोरल्या लेकीपेक्षा दोनच वर्षांनी मोठी. पहिल्या दिवशी शेजारच्या वॉर्डातून कुणीतरी "सिस्टर!" अशी हाक मारली आणि मी भर तासाला वही टाकून धावले. एकोणीस वर्षांच्या नर्सगिरीची सवय, मामा, ती काय प्रवेशअर्ज भरल्याने जाते? त्याहून मोठी फजिती पेशंटपुढे झाली. आमच्या मॅडम म्हणाल्या, तपासा आणि काय झालंय ते तुम्ही सांगा. मी मागे वळून डॉक्टर कुठे आहेत ते पाहिलं. मागे भिंत होती, भिंतीवर कुटुंबनियोजनाचं पोस्टर होतं, आणि त्यावरचं चौकोनी कुटुंबही माझ्याकडेच बघत होतं. हेच तर दोन वर्षं शिकायचं होतं. आजवर दुसऱ्याने लिहिलेलं वाचून औषध दिलं, आता अख्ख्या घरादाराची नाडी बघून स्वतः ठरवायचं, आणि जे आपल्या आवाक्यातलं नाही ते वेळेत पुढे पाठवायचं. इंग्रजीत लिहिताना रडू यायचं. (तुम्ही शिकवलेलं इंग्रजी व्याकरणात पक्कं आहे, पण त्यात जुलाब हा शब्द एकदाही आला नव्हता.)

आता प्रात्यक्षिक परीक्षेचं ऐका. मुंबईहून बाहेरच्या परीक्षक मॅडम आल्या होत्या. माझ्या वाट्याला चांगुणाबाई आल्या, वय एक्केचाळीस, नेवाशाकडच्या. तक्रार मळमळ आणि चक्कर. सोबत नवरा, कारभारी त्याचं नाव आणि कारभारही सगळा त्याचाच. मी बाईंना विचारायचं आणि त्याने उत्तर द्यायचं, असं चाललं होतं. भूक लागते का, तर लागते, म्हणे. झोप येते का, तर लई येते. बाई आपल्या पदराच्या टोकाकडे बघत बसलेल्या. मी विचारलं, पाळी कधी आली? कारभारी हात झटकून म्हणाला, आवंदा आलीच न्हाई. मी मोठ्या ऐटीत लिहिलं, पाळी बंद, वय झालं, मळमळ पित्ताची. बरोबर आणलेल्या जुन्या चिठ्ठीवर कुणीतरी पोटाचा एक्स-रे लिहिलेलाच होता, म्हटलं तो करून घ्या. मॅडमनी मान डोलावली आणि फक्त एवढंच सांगितलं, नेमकी कधीपासून नाही ते विचारा.

मी विचारलं. तेव्हा कारभारी पेटला.

"सोमवारी येनार हुती. दिवसभर बांधावर बसून ऱ्हायलो. वरच्यांनी मधीच फोडली. टेलला हाय ना आमी, आमच्यापर्यंत येती कशाला?"

मुंबईच्या मॅडमचं पेन हवेत थांबलं. बाईची पाळी, नवरा बांधावर, वरच्यांनी फोडली, याचा अर्थ त्या बापड्या काय लावणार? आणि मी कोल्हारची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली! आमचंही शेत टेलला, पाटाच्या शेवटच्या टोकाला; वरच्यांनी मधेच पाणी वळवू नये म्हणून वडील पाण्याच्या पाळीसाठी जेवण अर्धं टाकून उठायचे. आपल्याकडे पाळी पाण्याची असते, कुळवाची असते, कारखान्यातल्या कामगाराची असते, आणि त्यात जागा उरली तर बाईची. मला कळायला हवं होतं. लाजेने माझे कान तापले. दोन वर्षं, रजा, मुलींचे डबे, ज्योतीपुढे पाठ केलेले धडे, सगळं त्या फुटलेल्या पाटातून वाहून चाललेलं दिसलं.

मग एक शहाणपणा सुचला. कारभाऱ्याला म्हटलं, दादा, खिडकीवरून नवीन केसपेपर घेऊन या. (खिडकीवर मोठी रांग होती, हे मी पाहून ठेवलं होतं.) तो गेल्यावर स्टूल पुढे ओढलं आणि चांगुणाबाईंना हळूच विचारलं, तुमची स्वतःची पाळी कधी आली होती? त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"दोन महिनं झालं, बाई," त्या म्हणाल्या. "पन सून सातव्यात हाय. मी आता कोन्या तोंडानं सांगू?"

मामा, त्या क्षणी परीक्षा विसरले मी. त्यांचा हात धरला, म्हटलं आधी खात्री करू. तपासणीत दोन रेघा आल्या. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवायचं, कोणताही रस्ता धरलात तरी मी आणि मोठ्या डॉक्टरबाई बरोबर आहोत, एवढं सांगितलं, आणि तो एक्स-रे माझ्या हाताने खोडला. कारभारी परत आला तेव्हा बाईंनी स्वतःच त्याला सांगितलं. तो टोपी हातात फिरवत बसून राहिला. मग उठून तिच्यासाठी शहाळं आणायला गेला. मला तो माणूस तेव्हा आवडला.

मॅडमनी वहीत पाळीचे चारही अर्थ लिहून घेतले. म्हणाल्या, चुकल्याचे गुण कापते, पण नवऱ्याला रांगेत उभं केल्याचे देते. काल निकाल लागला. पहिला वर्ग, मामा! ज्योती पहिली आली, मी तिसरी, आणि शिंगं मोडलेल्या गाईने बावीस वासरं मागे टाकली. पुढच्या महिन्यापासून मिरजगावच्या बाजूला माझी स्वतःची खोली असेल, टेबल असेल, आणि मागे वळून बघायचं कारण उरणार नाही.

तुमची पास झालेली भाची,
ग्रेस

ता. क. निकालपत्राची प्रत जोडली आहे. शिक्का खरा आहे, भिंगातून बघितलात तरी चालेल.

ता. क. दुसरा. भाचीने मामाच्या पायाला हात लावू नये, हे मान्य. पण पवित्र गुरुवारी चर्चमध्ये प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याचा धडा दरवर्षी तुम्हीच वाचता, तोही खणखणीत आवाजात. शिवाय मी हातमोजे घालणार आहे, म्हणजे हात लागलाच नाही. जखम खोल असली तर आजच गाडी करून नगरला मोठ्या सर्जनकडे जायचं, त्यात माझा मोठेपणा आड येणार नाही. पण आधी बघू द्या. तीन आठवडे मला नीट झोप नाही.

ता. क. तिसरा. या पाकिटाला तिकीट नाही, हे तुमच्या नजरेतून सुटलं नसेलच. मामींनी ते तुमच्या हातात दिलं तेव्हापासून मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी आहे. पाणी कोमट झालंय, ड्रेसिंगचा डबा उघडलाय. आता चष्मा राहू द्या, मोजा काढा.