कॅमेऱ्याचं टोपरं

दि. १८ मार्च

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून लिहिते. मी ठणठणीत आहे. ठणठणाट आहे तो इंटरनेटचा. महिन्याचा डेटा पंधरवड्यातच संपतो, मग नेट गोगलगाय होतं. काल ऑनलाइन शिवणवर्गात बाही जोडून दाखवत होते, तर सगळ्यांना म्हणे नुसता माझा अंगठाच दिसत राहिला. दोघीजणी सोडून गेल्या. बाकीच्या म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर आम्हीही जाऊ. शाळेतून निवृत्त झाल्यावर माझं म्हणावं असं हे एवढंच उरलंय रे. तू कॉम्प्युटरवाला ना? मग सांग, कोण खातंय माझा डेटा?

लोभ आहेच, डेटा वाढावा.
तुझी आई

दि. २३ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

शेजाऱ्यांना पासवर्ड दिला असशील, तो बदल. तुझा स्वभावच दानशूर! पण राउटर बंद करू नकोस, हॉलमधला कॅमेरा बंद पडतो. तू जिन्यात घसरलीस तेव्हापासून ऑफिसात, घरी, झोपतानाही तो माझ्या फोनवर चालूच असतो. पंधरवडा उलटून चित्र अडकायला लागलं की जीव टांगणीला लागतो.

तब्येतीला जप.
तुझा बाळू

दि. ३ एप्रिल

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

काखेत कळसा अन् गावाला वळसा! शेजाऱ्यांवर उगाच आळ घेतलास. तुझ्या कॅमेऱ्याचं चित्र काय कबुतर घेऊन येतं? माझ्याच डेटातून येतं ते. प्लग काढला आणि धूळ बसू नये म्हणून त्याला टोपरं शिवून घातलं, तू तान्हा असताना शिवायचे तसंच. तासाभरात तुझे जितके फोन आले, तितके वर्षभरात आले नव्हते. नुसतं बघत होतास, बोलत कुठे होतास? आता रोज फोन कर. बघायचंच असेल, तर वर्गात दोन जागा रिकाम्या आहेत. घरच्यांना फी माफ नाही.

राग नाही, पण टोपरं निघणार नाही.
तुझी आई

दि. १९ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

काल वर्गात तू सगळ्यांदेखत माझी बाही तीनदा उसवायला लावलीस. बायका हसत होत्या, पण एकही उठून गेली नाही. महिना निम्मा सरला, तरी चित्र एकदाही अडकलं नाही. टोपरं राहू दे.

सुई बोटात गेली आहे, म्हणून इथेच थांबतो. फोनवर बोलूच.
तुझा विद्यार्थी,
बाळू